गाडी दिवसभर तिथेच होती

लेरविक, शेटलंड
४ नोव्हेंबर

स्वस्ति श्री उत्तरसागरवेष्टित, झंझावातप्रपीडित, मत्स्यसूपपरिपुष्ट, लेरविक बंदर कार्यालयातील नौकाविलंबघोषणाधुरंधर, डाउसकुलज्येष्ठ, मातृमृत्युपत्रव्यवस्थापक, विद्यमान वाहनतळसंग्रामसेनापती श्रीमान लेनर्ड आर्थर डाउस यांजकडून थॉर्लबीनगरनिवासिनी, प्राथमिकशालाध्यापिका, सफरचंदपुडिंगपाकनिपुणा, कनिष्ठ भगिनी चि. जोसलिन हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पुढे धाडलेला लखोटा पावला. ‘थॉर्नमार्क पार्किंग’ नामक कंपनीने आपल्या मातोश्रींस, म्हणजे कै. म्यूरिएल डाउस यांस, असे कळविले आहे की, रुग्णालयाच्या वाहनतळावर प्रत्येक भेटीस चार तासांची मुभा असताना त्यांची निळी गाडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथे उभी होती. सबब शंभर पौंड भरावेत, त्वरा केल्यास साठांवर भागेल. ज्या दिवसाचा हा हिशेब आहे तो दिवस त्यांच्या लेखी केवळ एक गुरुवार आहे. आपल्या लेखी तो कोणता, हे मी लिहीत नाही.

गाडी आईच्या नावावर, म्हणून नोटीस आईला. आणि आईच्या मागे तिचे व्यवहार पाहण्याचे काम मजकडे, म्हणून युद्ध मजकडे. तू साठ पौंड भरून मोकळी होण्याच्या विचारात असशील, तर तो विचार चहाबरोबर गिळून टाक. मृत्युशय्येवरील मातेजवळ कन्या चार तासांहून अधिक बसली हा जर अपराध असेल, तर तो आपल्या घराण्याने केलेला सर्वांत सभ्य अपराध होय.

जोसी, एक गोष्ट थट्टेविना लिहितो. त्या दिवशी वादळाने जहाज सुटले नाही आणि ते सुटणार नसल्याची पाटी मला स्वहस्ते लावावी लागली. त्यानंतर तुझा फोन आला, आणि तू सांगितलेस की शेवटपर्यंत तिचा हात तुझ्या हातात होता. त्या एका वाक्यावर मी आजवर झोपतो. तू नसतीस तर ती त्या परक्या खोलीत एकटीच गेली असती, हा विचार मनात आला की मी उठून किटली ठेवतो.

अंत्यविधीच्या दिवशी तू माझ्या हाती दिलेली रुग्णालयाची पिशवी अद्याप उघडलेली नाही. ती कपाटावर आहे. मी तिच्याकडे पाहत नाही, तीही माझ्याकडे पाहत नाही. असा आमचा तह झाला आहे.

मजवरील लोभ कमी करू नये. वाढविण्यास टपालखर्च पडत नाही.

तुझा,
लेनर्ड

---

थॉर्लबी, लिंकनशर
१२ नोव्हेंबर

ती. लेनर्डदादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. सुरुवातीच्या पदव्या वाचेपर्यंत चहा गार झाला. वर्गातल्या मुलांना वाक्याच्या शेवटी पूर्णविराम द्यायचा असतो हे मी रोज शिकवते. सुट्टीत तुझीही शिकवणी घेईन म्हणते.

दादा, ते पैसे भरून टाकू या. खरंच सांगते. साठ पौंड माझ्याकडे आहेत, मी आजच पाठवते. तू म्हणशील, तत्त्वाचा प्रश्न आहे. तुझ्या प्रत्येक गोष्टीत तत्त्व असतं. तू त्या दुकानदाराशी अर्ध्या पावासाठी दोन महिने भांडला होतास, आणि आई त्याच्याकडून गुपचूप पाव आणत होती. मला आता त्या दिवसाचे कागद घरात नकोत. पाकिटावर आईचं नाव पाहिलं की मी ते आधी उलटं करून ठेवते.

मी दिवसभर तिच्याजवळ होते. तेवढं तुला ठाऊक आहे, तेवढं पुरे. त्यांना काय कळवायचं?

घर हळूहळू आवरते आहे. पिकवर्थकाकू रोज डोकावतात. कुंपणावरून गाजराचा केक येतो आणि डबा परत मागितला जातो. आईची गाडी दारात उभी आहे. मला ती चालवायला नको वाटते. तुला तिथे हवी असेल तर अॅबर्डीनहून जहाजावर चढवून देईन. नाहीतर विकू.

जेवत जा. मासे म्हणजे जेवण नव्हे. तुझी माया आहे तशी राहू दे, पण पत्र छोटं लिही.

तुझी,
जोसी

---

लेरविक
२९ नोव्हेंबर

चि. जोसलिन हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आज्ञेनुसार पदव्या गाळल्या आहेत. मला विवस्त्र झाल्यासारखे वाटते आहे.

कंपनीचे उत्तर आले. मी मृत्यूचा दाखला जोडून विनयपूर्वक दयेची याचना केली होती. प्रत्युत्तरात त्यांनी घडल्या दुःखद घटनेबद्दल सहानुभूती व्यक्त केली असून मागणी कायम ठेवली आहे. पत्र पुन्हा आईच्याच नावे आहे. म्हणजे आईच्या निधनाबद्दल कंपनीने आईचेच सांत्वन केले आहे. ती असती तर तिने आभाराचे उत्तर पाठविले असते.

तथापि खचू नकोस. मला एक महापुरुष लाभला आहे. श्री. इंक्स्टर हे न्यायालयातून निवृत्त झालेले कारकून. इतर लोक निवृत्तीनंतर गुलाब लावतात, हे गृहस्थ खासगी वाहनतळ कंपन्यांशी लढतात. त्यांनी मला प्रथम हे बजावले की याला दंड म्हणू नये. दंड करण्याचा अधिकार राजाचा. हे केवळ एका व्यापाऱ्याने धाडलेले बिल आहे, आणि बिल चूक असू शकते. दुसरे असे की गाडी कोण चालवीत होते हे त्यांना कदापि सांगू नये. तिसरे ऐकून मी खुर्चीवरून उठलो.

त्यांचे म्हणणे असे की, फाटकावरचा कॅमेरा गाडी आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा टिपतो. मध्ये कोणी बाहेर पडून पुन्हा आले, आणि पुढे एखादी मोठी गाडी असल्याने किंवा पावसामुळे ते दोन्ही वेळा निसटले, तर कॅमेरा दोन छोट्या भेटींची एक लांबलचक भेट करून टाकतो. ही चूक नित्याची आहे. गाडी मध्ये बाहेर होती असे कोणी लिहून सही केली की कंपनी मुकाट्याने माघार घेते. असे खटले ते एकही हरलेले नाहीत, हे त्यांनी बिस्किट बुडवीत सांगितले.

तेव्हा आठवून पाहा. तू फुले आणायला, औषध आणायला, एक सँडविच आणायला तरी गाडी बाहेर काढली होतीस काय? पाच मिनिटेही पुरतील. तुझ्या एका ओळीवर विजय अवलंबून आहे. साक्षीदार म्हणून मी पिकवर्थकाकूंनाही आजच पत्र टाकले आहे. त्या गल्लीत त्यांच्या पडद्यामागून जे दिसत नाही ते घडलेलेच नसते.

आईसारखी सर्वांचा मुलाहिजा राखण्याची हौस मला नाही. तिच्या नावावर खोटे बिल राहू देणार नाही.

प्रेम आहे तेवढे शिल्लक ठेव,
लेनर्ड

---

थॉर्लबी
४ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गाडी हलली नाही. मी कुठेही गेले नव्हते.

पिकवर्थकाकूंना उगीच कशाला त्रास दिलास? त्यांचं वय झालं आहे, त्यांना दिवस नीट आठवत नाहीत. त्यांनी काही लिहिलं तर मनावर घेऊ नकोस. पैसे भर, दादा. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही, हे मागते.

शाळेत नाताळच्या नाटकाची तालीम चालू आहे. या वर्षी तीन मेंढ्या आहेत आणि मेंढपाळ एकही व्हायला तयार नाही.

तुझी,
जोसी

---

थॉर्लबी
६ डिसेंबर

चि. लेनर्ड यास,
पिकवर्थकाकूंचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं बाळा. अक्षर तुझ्या वडिलांसारखंच, कोंबडीनं उकरल्यासारखं. मी चष्मा बदलून वाचलं. त्या कंपनीला चांगला धडा शिकव. माझ्या भाच्यालाही त्यांनी असंच पिडलं होतं.

गाडी बाहेर होती की नाही विचारतोस? होती तर. आपल्या गल्लीतच होती, माझ्या दारासमोर. लागेल तिथे सही देते. तो दिवस मी विसरेन कशी? दुपारी जोसी आली ती धावतच. म्हणाली, आईला थंडी वाजते आहे, तिचा हिरवा स्वेटर हवा आहे, तोच हवा आहे, दुसरा नको म्हणते. मग घरात जी उलथापालथ सुरू झाली ती माझ्या स्वैंपाकघरापर्यंत ऐकू येत होती. कपाटं झाली, माळा झाला, धुण्याची टोपली झाली. स्वेटर काही सापडेना. शेवटी माझ्याकडे आली, माझ्या कपड्यांत चुकून आला आहे का विचारायला. तोंड पांढरं पडलं होतं पोरीचं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मीच तिला खाली बसवलं. म्हटलं, तू पडलीस तर आईला कोण बघणार, चहा घे, टोस्ट खा, मग जा. ती नको नको म्हणत होती, मी ऐकलं नाही.

ती टेबलाशी बसलेली असतानाच रुग्णालयातून फोन आला. अर्धा कप तसाच ठेवून गेली बिचारी. तो कप मी कितीतरी वेळ धुतला नाही.

तर हे सगळं मी लिहून देते, तारखेसकट. तुला हे तिनं सांगितलंच असेल म्हणा. केकचा डबा तिच्याकडे राहिला आहे, तेवढी आठवण कर.

देव तुझं भलं करो,
काकू

---

लेरविक
१३ डिसेंबर

ती. पिकवर्थकाकूंस,
शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. आपल्या साक्षीची आवश्यकता आता उरलेली नाही. प्रकरण निकालात निघाले आहे. कृपा करून आपण मला लिहिलेत हे जोसलिनला सांगू नये. मी आपणास ते विचारले होते हेही विसरावे. विसरणे जमण्याजोगे नसेल तर निदान बोलू नये, ही या अक्षरशत्रूची विनंती.

त्या दिवशी तिच्या पोटात जे काही गेले ते आपल्यामुळे. त्याबद्दल मी आपला ऋणी आहे, आणि हे वाक्य मी थट्टेने लिहिलेले नाही. आपण तिला बसविलेत हे योग्यच केलेत.

केकच्या डब्याविषयी योग्य त्या ठिकाणी लिहीत आहे.

आपला,
लेनर्ड

---

लेरविक
१४ डिसेंबर

चि. जोसलिन हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

वाहनतळसंग्रामसेनापतींनी शस्त्रे खाली ठेवली आहेत. कंपनीस पैसे पाठविले. सवलतीची मुदत केव्हाच उलटल्यामुळे संपूर्ण रक्कम गेली. ती माझ्या गर्वाची किंमत समजावी. श्री. इंक्स्टर यांनी माझ्याशी बोलणे सोडले आहे. जिंकलेला खटला हरणारा इसम त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. मी त्यांस सांगितले की पुरावा मिळाला नाही. कंपनीच्या कॅमेऱ्याचे म्हणणे असे आहे की गाडी दिवसभर तिथेच होती. मी तसे लेखी मान्य केले आहे. माझेही मत तेच आहे आणि पुढेही तेच राहील.

आता या प्रकरणाशी कोणताही संबंध नसलेल्या दोन गोष्टी लिहितो. रविवारी आणखी काही करण्याजोगे नव्हते म्हणून पिशवी उघडली. यादी अशी: चष्मा; कवळीची डबी; पेपरमिंटची अर्धी पुडी; अपुरे शब्दकोडे, ज्यात तिने एक उत्तर चूक लिहून बाकी सारे त्यास जुळवून घेतले आहे; आणि हिरवा लोकरी स्वेटर, घडी घातलेला. वर परिचारिकेची चिठ्ठी होती की हे सर्व रुग्णाच्या खाटेजवळच्या कपाटातून काढले आहे. म्हणजे तो स्वेटर पहिल्या दिवसापासून तिच्या उशाशीच होता. हात लांबविला असता तर तिला लागला असता.

दुसरी गोष्ट फार जुनी आहे. बाबा गेले तेव्हा तू सहा वर्षांची होतीस आणि तुला पिकवर्थकाकूंकडे ठेवले होते, म्हणून तुला हे ठाऊक नसणार. बाबांना पुढच्या खोलीत ठेवले होते. मी आईजवळ बसून होतो. चौदा वर्षांचा घरातला कर्ता पुरुष, हलणार नाही असे ठरवून बसलेला. तिने मला सांगितले की तिचे अंगुस्तान सापडत नाही, बाबांच्या कोटाचे बटण लावायचे आहे, ते शोधून आण. मी सारे घर पालथे घातले. शिवणाचा डबा, गाद्या, कोळशाची बादलीसुद्धा. कितीतरी वेळाने रिकाम्या हाताने, रडकुंडीला येऊन परतलो. तिने तोंड धुतले होते, केस नीट केले होते. बटण लावून झाले होते. अंगुस्तान तिच्या बोटात होते.

मी त्या वेळी रागावलो. आईला कोणाच्या देखत कवळीही काढता येत नसे, हे तू जाणतेस. जे तिला खरोखर एकटीने करायचे असे, त्याच्या आधी ती जवळच्या माणसाला काहीतरी आणायला पाठवीत असे. आणि पाठवी ती ज्याच्यावर तिचा जीव असे त्यालाच. इतरांना ती नुसते जा म्हणे. सापडणार नाही अशीच वस्तू ती निवडी. ते तिचे दार लावून घेणे होते. त्यात शोधणाऱ्याची चूक नव्हती.

हे मला आजच का आठवले, ते विचारू नकोस. वयोमानाने होते.

तुझे तेवढे प्रेम मला पुरते. पण देत राहा,
लेनर्ड

ता. क. पिकवर्थकाकूंचा केकचा डबा परत कर. कोणी सांगितले, हेही विचारू नकोस.

---

थॉर्लबी
३ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाताळच्या आधी आलं होतं. उत्तर लिहायला बसले की शाई वाळायची.

काकूंनी तुला लिहिलं का, हे मी विचारत नाही. डबा दिला. त्यांनी मला पाहून उगीचच हवेची चौकशी केली, आणि मग दोघींनी बराच वेळ हवेवरच बोलून घेतलं.

तू त्या दिवशी बंदरावर होतास, आणि फोनवर तुझ्याच्यानं बोलवत नव्हतं. तू, ज्याची वाक्यं संपत नाहीत. मला तेव्हा जे सुचलं ते मी तुला दिलं. इतकंच.

मी त्या संध्याकाळी तिचा हात धरला होता. बराच वेळ धरला होता. एवढं खरं आहे, दादा.

स्वेटर मला पाठवशील? या वर्षी इकडे फार थंडी आहे. गाडी पुढच्या आठवड्यात जहाजावर चढवते. तूच चालव तिला. डिकीत पुडिंग ठेवते आहे, ते सांभाळून काढ.

तुझी,
जोसी

---

लेरविक
२० जानेवारी

चि. जोसलिन हिस आशीर्वाद.

स्वेटर टपालाने रवाना केला आहे. धुतलेला नाही, मुद्दामच. डाव्या खिशात एक पेपरमिंट होती, ती तशीच ठेवली आहे.

गाडी सुखरूप उतरली. तिला उतरविण्याचा मान बंदर कार्यालयाच्या वतीने मीच घेतला, आणि जहाज वेळेवर आल्याची पाटीही मीच लावली. अशी पाटी लावताना हात थांबतो, हे मला आजवर ठाऊक नव्हते. पुडिंग प्रवासात एका बाजूस कलले होते, तरी त्याचा अंत सन्मानाने झाला.

आता तक्रार. मी सहा फूट दोन इंच उंचीचा मनुष्य आहे, आणि चालकाची सीट अगदी पुढे, जवळजवळ काचेला टेकलेली आहे. तू आईच्याच उंचीची, म्हणून तुला हे कधी जाणवले नसेल. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर येतात, हॉर्न नको तेव्हा वाजतो, आणि रस्त्यातले लोक मला ओळखत नसल्याचे भासवितात. सीटखालची कळ गंजून गच्च झाली आहे. इतक्या वर्षांत ती कोणी ओढलेलीच नाही. गॅरेजवाला म्हणाला की जोर लावला तर सीट मागे जाईल, पण मग पुन्हा कधी त्या जागेवर यायची नाही. मी म्हटले, आज राहू दे. तो म्हणाला, मग कधी? मी म्हटले, कळवितो.

हे झाले गेल्या सोमवारी. आज शनिवार आहे आणि डावा गुडघा सुजला आहे. तेल घालून ती कळ सुटेल काय, आणि सुटली तरी ओढावी काय, याविषयी तुझे मत उलट टपाली कळव. तोपर्यंत मी असाच, कासवासारखा बसून, दुकानात जातो आहे.

तुझा,
लेनर्ड